सणाच्या जेवणासाठी व्हाइट वाइन : ताजी कोणती, मुरलेली कोणती?

दिवाळीपासून नववर्षापर्यंतचे दिवस सिल्वासात पाहुण्यांचे असतात. वापी, वलसाड, नाशिक, पालघर, दमण अशा चहूबाजूंनी नातलग आणि स्नेही येतात. पूजा आणि नैवेद्य आटोपल्यावर संध्याकाळी जी पंगत बसते, तिच्यात अलीकडे अनेक घरांतून वाइनलाही जागा मिळू लागली आहे. मासे, कोंबडी, भाज्या आणि गोडधोड असा मिश्र बेत असला की यजमान बहुधा व्हाइट वाइनकडे वळतो. तेथेच पहिला प्रश्न उभा राहतो. यंदाची ताजी बाटली घ्यावी, की जास्त पैसे मोजून काही वर्षांपूर्वीची मुरलेली घ्यावी?

‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. व्हाइट वाइनच्या बाबतीत तो बहुतांशी चुकीचा आहे. जगात तयार होणाऱ्या व्हाइट वाइनपैकी फार मोठा हिस्सा एक ते तीन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच बनवलेला असतो. वर्षानुवर्षे मुरून अधिक चांगल्या होणाऱ्या व्हाइट वाइन मोजक्या असतात आणि त्यांनाही थंड, अंधारी, स्थिर जागा लागते. आपल्या प्रदेशातील उष्णतेत अशी जागा क्वचितच मिळते. त्यामुळे सिल्वासात बाटली निवडताना सालाइतकेच महत्त्व ती बाटली ते साल कोठे आणि कशी राहिली याला द्यावे लागते.

वाइन मुरते म्हणजे काय होते?

रेड वाइन तयार करताना द्राक्षाचा रस सालींसह आंबवला जातो. सालींतील तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन, रसात उतरतात आणि वाइनला टिकाऊपणा देतात. व्हाइट वाइनसाठी मात्र द्राक्षे दाबून रस आधी वेगळा काढतात आणि मग तो आंबवतात. टॅनिनचा आधार तिला जवळजवळ नसतो. ती टिकते ती प्रामुख्याने आंबटपणावर, काही प्रकारांत साखरेवर आणि रसाच्या घट्टपणावर. मीठ आणि तेल नीट पडले नाही तर लोणचे मुरत नाही, नासते. आंबटपणा किंवा साखर कमी असलेली व्हाइट वाइन ठेवून दिली तर तिचेही तसेच होते.

ताज्या व्हाइट वाइनचा रंग फिकट, किंचित हिरवट झाक असलेला असतो. लिंबू, हिरवे सफरचंद, पेरू, अननस, फुले, ओले गवत असे गंध तिच्यात जाणवतात. योग्य वाइन योग्य जागी मुरली की रंग गवती पिवळ्यावरून सोनेरी होत जातो. ताज्या फळांचा गंध मागे पडतो आणि मध, भाजलेला पाव, बदाम, सुका जर्दाळू यांची आठवण देणारे गंध पुढे येतात. मुरलेल्या रिसलिंगमध्ये रॉकेलसारखा सूक्ष्म वासही येतो. अनोळखी माणसाला तो दोष वाटतो. जाणकार मात्र तो या द्राक्षाची ओळख मानतात. वाइन प्रमाणाबाहेर जुनी झाली किंवा तिला हवा लागली, तर रंग तपकिरी होतो, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो आणि चव सपाट पडते.

ताज्या आणि मुरलेल्या वाइनमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद करण्याचे कारण नाही. त्या दोन वेगळ्या चवी आहेत. जिचा जन्म ताजेपणासाठी झाला आहे तिला मुरवणे, किंवा जी अजून मिटलेली आहे तिला घाईने उघडणे, या दोन्हींत नुकसान घेणाऱ्याचेच होते.

नाशिकचे वर्षचक्र आणि बाटलीवरील साल

सिल्वासाच्या दुकानांत दिसणारी बहुसंख्य भारतीय व्हाइट वाइन नाशिक परिसरातील असते. खानवेल, जव्हार, त्र्यंबक या वाटेने सह्याद्री चढून गेले की तो द्राक्षपट्टा लागतो. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सुरू केलेल्या सुला विनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन व्हाइट वाइनच्या जाती तेव्हापासून नाशिकच्या ओळखीचा भाग बनल्या. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणल्यावर या पट्ट्यात वाइनरींची संख्या वाढली. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची फ्रातेली, बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची परंपरा असलेली ग्रोव्हर झाम्पा, नाशिकची यॉर्क ही नावेही वाचकांना परिचित असतील.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात निद्रिस्त होते आणि पीक साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात काढले जाते. नाशिकच्या उबदार हिवाळ्यात वेल पूर्णपणे झोपत नाही. म्हणून येथे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळ छाटणी. वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडली जातात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकच्या थंड रात्री द्राक्षातील आंबटपणा काही प्रमाणात राखतात. तरीही युरोपातील थंड प्रदेशांच्या तुलनेत तो कमीच भरतो. भारतीय व्हाइट वाइन ताजी प्यावी, असे म्हणण्यामागचे मुख्य कारण हेच.

याचा व्यावहारिक अर्थ असा की लेबलावर जे साल छापलेले असते ते द्राक्षे तोडल्याचे साल असते. एखाद्या वर्षाच्या दिवाळीत त्याच वर्षाची भारतीय बाटली मिळाली, तर तिचे वय आठ-दहा महिन्यांचे असते. त्याच सालाची फ्रेंच बाटली मात्र त्या वेळी बाजारात आलेली असणे कठीण, कारण तिची द्राक्षे नुकतीच तोडलेली असतात. भारतीय आणि युरोपीय बाटल्यांची तुलना करताना हा अर्ध्या वर्षाहून अधिकचा फरक ध्यानात ठेवावा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे देश दक्षिण गोलार्धातील असल्याने त्यांचा हंगाम आपल्या हंगामाच्या जवळ, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, असतो.

काही बाटल्यांवर द्राक्षाचे साल नसते. तेथे मागच्या लेबलावर बाटली भरल्याचा महिना आणि वर्ष शोधावे. वर्ष-दीड वर्षाच्या आतील असेल तर ती घ्यावी.

ताज्याच प्याव्यात अशा

*सोव्हिन्यों ब्लाँ.* हिरवी मिरची, पेरू, लिंबू, गवत असा तीव्र गंध आणि स्वच्छ आंबटपणा ही तिची खूण. भारतीय आणि न्यूझीलंडची सोव्हिन्यों ब्लाँ पहिल्या दोन वर्षांत संपवणे उत्तम. पुढे तिचा गंध उकडलेल्या भाजीकडे झुकू लागतो.

*शेनिन ब्लाँ.* फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील हे द्राक्ष तेथे दीर्घकाळ टिकणाऱ्या वाइनही देते. भारतात मात्र ते बहुधा हलक्या, किंचित गोडसर, फळांच्या चवीच्या वाइनसाठी वापरले जाते. ती एक ते दोन वर्षांत प्यावी. वाइनची सवय नसलेल्या पाहुण्यांना हीच सर्वांत लवकर रुचते.

*व्हियोन्ये.* जर्दाळू आणि फुलांचा दरवळ असलेली, आंबटपणाने सौम्य अशी वाइन. तिचे वैभव तिच्या गंधात आहे आणि तो गंध लवकर विरतो. दोन-तीन वर्षांपुढे ठेवू नये.

*विन्यो व्हेर्दे.* पोर्तुगालच्या उत्तरेकडील मिन्यो भागातील ही वाइन हलकी, कमी अल्कोहोलची आणि कधी जिभेवर बारीक फसफसणारी असते. नावाचा शब्दशः अर्थ ‘हिरवी वाइन’. तो ताजेपणाशी जोडला जातो. दुकानात ती दिसली आणि साल जुने असले, तर ती सोडून द्यावी.

फसफसणाऱ्या वाइनपैकी नाशिकजवळच्या दिंडोरी येथे तयार होणारी शांदों किंवा सुलाची ब्रूट याही घरी साठवण्यासाठी नाहीत. त्यांना लागणारे मुरणे वाइनरीतच झालेले असते. बाटली आणली की सणाला उघडावी.

मुरण्याची क्षमता असलेल्या

*ओक लाकडातील शार्दोने.* शार्दोने हे द्राक्ष स्वतः सौम्य असते. वाइन बनवणारा त्याला आकार देतो. ओकच्या पिंपात ठेवल्याने तिला व्हॅनिला, भाजलेला सुकामेवा, लोणी यांची छटा येते. कच्च्या सफरचंदातील आम्लाचे दुधातील सौम्य आम्लात रूपांतर घडवून आणणारी प्रक्रियाही बहुधा केली जाते. त्यामुळे ती तोंडाला मऊ लागते. फ्रातेलीची व्हिटे शार्दोने किंवा सुलाची दिंडोरी रिझर्व शार्दोने ही भारतीय उदाहरणे. या प्रकारातील भारतीय बाटली दोन ते चार वर्षांच्या वयात चांगली लागते. फ्रान्सच्या बरगंडीतील उत्तम बाटल्या दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतात, परंतु त्यांची किंमतही तशीच असते.

*रिसलिंग.* जर्मनी, फ्रान्समधील अल्सास आणि ऑस्ट्रेलियाची क्लेअर व्हॅली येथील रिसलिंग प्रखर आंबटपणामुळे दहा-वीस वर्षेही टिकते. क्लेअर व्हॅलीतील उत्पादकांनी २००० सालच्या पिकापासून बुचाऐवजी फिरकीचे झाकण मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. फिरकीचे झाकण म्हणजे स्वस्त वाइन, हा समज त्यामुळे सोडून द्यायला हवा.

*सेमियों.* ऑस्ट्रेलियाच्या हंटर व्हॅलीतील सेमियों तरुणपणी लिंबाच्या पाण्यासारखी साधी लागते. दहा वर्षांनी तीच वाइन लाकडाचा स्पर्शही न होता मध आणि भाजलेल्या पावाची चव देऊ लागते. मुरणे म्हणजे काय, याचा हा सर्वांत स्वच्छ धडा आहे.

*गोड वाइन.* वेलीवर अधिक पिकू दिलेल्या द्राक्षांपासून ‘लेट हार्वेस्ट’ वाइन बनते. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ याच प्रकारातील. फ्रान्समधील सोतेर्न येथे एका विशिष्ट बुरशीमुळे द्राक्षातील पाणी उडून साखर आणि आंबटपणा दोन्ही घट्ट होतात. सोतेर्नची चांगली बाटली माणसाच्या अर्ध्या आयुष्याइतकी टिकू शकते. भारतीय गोड वाइन मात्र तीन-चार वर्षांच्या आत प्यावी.

उष्णता आणि मदेराचा अपवाद

वाइन साठवण्यास १२ ते १४ अंश सेल्सिअस हे तापमान उत्तम मानले जाते. सिल्वासाच्या उन्हाळ्यात बंद खोलीतील तापमान सहज ३५ अंशांच्या वर जाते. अशा जागी दोन उन्हाळे काढलेली बाटली मुरत नाही, शिजते. तिच्यातील फळांचा गंध मुरंब्यासारखा जड होतो आणि आंबटपणाचा ताजेपणा हरवतो. उष्णतेने द्रव फुगून बूच वर सरकते, हवा आत शिरते आणि उरलेसुरले तेही बिघडते. म्हणूनच कपाटात जपून ठेवलेली पाच वर्षांपूर्वीची भेटीची बाटली सणाला अभिमानाने काढली की अनेकदा निराशा होते.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या इतिहासाच्या जवळचा आहे. मराठ्यांच्या आरमाराने केलेल्या नुकसानीच्या भरपाईपोटी नगर हवेली १७८३ साली पोर्तुगीजांकडे गेली. दादरा त्यांनी १७८५ साली घेतले. १९५४ च्या मुक्तिसंग्रामापर्यंत येथे लिस्बनचा अंमल राहिला. त्या साम्राज्याची जहाजे अटलांटिकमधील मदेरा बेटावरून वाइनची पिंपे घेऊन उष्ण कटिबंध ओलांडत पूर्वेकडे येत. जहाजाच्या तळातील उष्णतेने आणि हेलकाव्यांनी ती वाइन बिघडण्याऐवजी सुधारते, असे परतलेल्या पिंपांवरून लक्षात आले. विषुववृत्त पार करून आलेल्या अशा वाइनला स्वतंत्र मान मिळाला.

पुढे हीच उष्णता बेटावर मुद्दाम दिली जाऊ लागली. काही मदेरा टाक्यांत किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांच्या आसपास तापवतात. उत्तम प्रतीची वर्षानुवर्षे उबदार माळ्यांवर पिंपांत ठेवतात. तिच्यात द्राक्षाची दारू मिसळून अल्कोहोल साधारण १९ टक्क्यांपर्यंत नेलेले असते आणि हवेशी तिचा संबंध आधीच येऊन गेलेला असतो. त्यामुळे तिला आणखी काही बिघडवणे अवघड. सर्सियाल ही कोरडी, मग व्हर्देल्यो, बुआल आणि शेवटी सर्वांत गोड माल्व्हासिया. ही चारही पांढऱ्या द्राक्षांची नावे आहेत. उघडलेली मदेरा कित्येक आठवडे टिकते. मात्र मदेराला जे मानवते ते सोव्हिन्यों ब्लाँला मानवत नाही. सर्वसाधारण व्हाइट वाइनसाठी आपली हवा हा शत्रूच आहे.

दुकानात बाटली पाहताना

काचेच्या दर्शनी कपाटात, उन्हात किंवा तेजस्वी दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नये. दुकानदाराकडे शीतकपाटातील किंवा न उघडलेल्या खोक्यातील बाटली मागावी. बुचाची बाटली असेल तर बूच वर उचललेले आहे का, वेष्टनाखाली चिकटपणा आहे का, वाइनची पातळी मानेखाली उतरली आहे का, हे पाहावे. बाटली पारदर्शक असेल तर रंग पाहावा. ताजी म्हणून विकली जाणारी वाइन गडद सोनेरी दिसत असेल, तर ती म्हातारी झाली आहे.

पंगत मोठी असेल तर आठवडाभर आधी एक बाटली आणून घरी चाखावी आणि पसंत पडल्यास त्याच खोक्यातील उरलेल्या घ्याव्यात. घरी आणलेल्या बाटल्या सणापर्यंत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. काही आठवडे ती जागा सर्वांत सुरक्षित असते.

शाकाहारी पाहुण्यांसाठी एक सूचना. वाइन नितळ करण्यासाठी काही उत्पादक अंड्यातील पांढरा बलक, दुधातील केसीन किंवा माशाच्या पिशवीपासून मिळणारा पदार्थ वापरतात. अनेक जण त्याऐवजी बेंटोनाइट माती वापरतात. ज्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे त्यांच्यासाठी लेबलावरील हिरवी खूण किंवा ‘व्हेगन’ हा शब्द पाहून बाटली निवडावी.

ताटातील पदार्थ आणि पेल्यातील वाइन

*कोथिंबीर वडी, अळूवडी, बटाटेवडे.* तळलेल्या पदार्थाचा तेलकटपणा आंबटपणाने कापला जातो. अळूवडीत चिंच-गूळ असल्याने किंचित गोडसर ताजी शेनिन ब्लाँ जुळते. फसफसणारी कोरडी वाइन या साऱ्या तळणाला चालते.

*तळलेले पापलेट, सुरमई, हिरवी चटणी.* येथे ताज्या सोव्हिन्यों ब्लाँला पर्याय नाही. माशावर लिंबू पिळल्याने जे होते तेच ही वाइन करते.

*उंबाडियू.* वलसाड-वापीच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मडक्यात भाजले जाणारे कंद, पापडी आणि हिरव्या मसाल्याचे हे मिश्रण आता सिल्वासाच्या घरांतूनही सणाला येते. ओवा, हिरवी लसूण आणि पाल्याचा धुरकट वास यांना सोव्हिन्यों ब्लाँची हिरवी चव साथ देते.

*नारळाच्या दुधातील कोळंबी, काजूची उसळ, मलईदार पनीर.* या पदार्थांचा मऊपणा हलक्या वाइनला गिळून टाकतो. ओकमधील, दोन-तीन वर्षे मुरलेली शार्दोने येथे द्यावी. भाजलेली कोंबडी किंवा अळिंबी असेल तर मुरलेली रिसलिंग वा सेमियों हीसुद्धा शोभते.

*झणझणीत रस्सा, शाकुती.* अल्कोहोलमुळे तिखटाचा दाह वाढतो. ओकची चवही तिखटासमोर कडवट होते. म्हणून महागडी मुरलेली बाटली रश्श्याबरोबर उघडणे म्हणजे पैसे वाया घालवणे. गार, किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची ताजी शेनिन ब्लाँ द्यावी.

*पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी, करंज्या.* वाइन पदार्थापेक्षा गोड असावी, हा येथील एकमेव नियम. कोरडी वाइन गोडाबरोबर आंबट आणि पाणचट लागते. लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ श्रीखंड-बासुंदीला पुरेशी ठरते. गोवा-दमणकडून बेबिंका आली असेल आणि मदेरा उपलब्ध असेल, तर अंडी, नारळ आणि जळक्या साखरेच्या त्या चवीला माल्व्हासियासारखा जोडीदार दुसरा नाही.

तापमान, क्रम आणि प्रमाण

ताजी, हलकी वाइन ७ ते १० अंशांवर द्यावी. ओकमधील आणि मुरलेली १० ते १३ अंशांवर. घरातील फ्रिज साधारण ४ अंशांवर चालतो. तेथून काढल्याबरोबर ताजी वाइन ओतावी, मुरलेली मात्र पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवावी. फार गार केल्यास मुरलेल्या वाइनचा गंध दबतो आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच हाती लागत नाही. ऐन वेळी बाटली गार करायची तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून तीत पंधरा-वीस मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा हे मिश्रण लवकर काम करते. पेल्यात बर्फाचा खडा टाकू नये.

वाढण्याचा क्रम हलकीकडून भारदस्तकडे, कोरडीकडून गोडकडे आणि साधारणपणे ताजीकडून मुरलेलीकडे असावा. पेला एक तृतीयांशच भरावा. बुचाला किंवा तळाला साखरेसारखे पारदर्शक खडे दिसले तर घाबरू नये. ते द्राक्षातील आम्लाचे निरुपद्रवी स्फटिक असतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल तर मात्र बूच दूषित आहे. ती बाटली बाजूला ठेवावी.

७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १२५ मिलिलिटरचे सहा पेले होतात. वाइन घेणारे आठ जण असतील तर दोन बाटल्या ताज्या सोव्हिन्यों ब्लाँ वा शेनिन ब्लाँच्या, एक ओकमधील शार्दोनेची आणि गोडासाठी अर्धी बाटली लेट हार्वेस्ट, एवढे पुरते. म्हणजे प्रत्येकी दोन पेल्यांहून थोडे अधिक आणि शेवटी घोटभर गोड. त्यापुढे जाऊ नये. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. गर्भवती स्त्रिया, औषधे घेणारे आणि गाडी चालवणारे यांच्यासाठी सोलकढी, कोकम सरबत अशी पेये तितक्याच मानाने मांडावीत आणि कोणालाही आग्रह करू नये.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस चांगली राहते. पुढे ती माशाच्या किंवा अळिंबीच्या रश्श्यात वापरता येते.

हद्दीचे भान

सिल्वासाच्या यजमानाला एक काळजी नाशिक किंवा पणजीच्या यजमानापेक्षा अधिक घ्यावी लागते. आपल्या भोवती दारूबंदी असलेले गुजरात राज्य आहे. तेथे परवान्याशिवाय मद्य बाळगणे आणि वाहून नेणे हा गुन्हा आहे. बाटली बंद आहे, ती वाइनच आहे किंवा ती रीतसर विकत घेतली आहे, ही कारणे तेथे चालत नाहीत. दादरा आणि नगर हवेली हे भूभाग सलग नाहीत. दोहोंच्या मध्ये गुजरातची पट्टी आहे. नगर हवेलीच्या पोटात मघवाल हे गुजरातच्या हद्दीतील गाव आहे. दमण आणि सिल्वासा २६ जानेवारी २०२० पासून एकाच केंद्रशासित प्रदेशात असले, तरी त्यांच्यामधला रस्ता गुजरातमधूनच जातो. पाहुण्याच्या हाती भेट म्हणून बाटली देणे किंवा दमणहून येताना गाडीत टाकून आणणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींतून गाडी जप्त होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. महाराष्ट्रातही परवाना आणि उत्पादन शुल्काचे स्वतंत्र नियम लागू होतात. तेव्हा बाटली जेथे उघडायची तेथील परवानाधारक दुकानातूनच घ्यावी, पावती जपावी आणि उरलेली घरीच ठेवावी. वापीकडे परतणाऱ्या पाहुण्यांसाठी मुक्कामाची सोय करावी किंवा त्यांच्या पेल्यात सोलकढी असावी.

राष्ट्रीय सणांच्या आणि निवडणुकांच्या काळात दुकाने बंद असतात. खरेदी त्याआधी करावी, परंतु फार आधीही नको. सणाच्या पंधरा दिवस आधी, शीतकपाटातून, चालू किंवा गेल्या वर्षाची ताजी वाइन आणि फार तर एखादी मुरलेली शार्दोने, हा आपल्या प्रदेशासाठी सर्वांत भरवशाचा हिशेब आहे. खरोखर जुनी व्हाइट वाइन चाखण्याची इच्छा असेल, तर ती घरच्या कपाटात तयार होण्याची वाट पाहू नये. जिचा साठवणीचा इतिहास विक्रेता सांगू शकतो अशी एकच बाटली घ्यावी आणि ती मोजक्या रसिकांत, सौम्य पदार्थाबरोबर, सावकाश उघडावी.